शेतकऱ्याची शिदोरी

माणसे आपला मुलूख का सोडतात याची कारणे इतिहासकारांनी पुष्कळ सांगितली आहेत. कोणी धर्मासाठी देशत्याग करतो, कोणी राजाच्या भयाने, कोणी सोन्याच्या लोभाने. या सर्वांच्या बखरी आहेत, चरित्रे आहेत, पुतळेही आहेत. परंतु नुसत्या जमिनीसाठी गाव सोडणारा जो शेतकरी, त्याच्या वाट्याला बखरीचे एक पानही सहसा येत नाही. तो लढाई मारीत नाही आणि रोजनिशीही लिहीत नाही. एके दिवशी पहाटे तो बंडी जुंपतो, तीत बियाणे, अवजारे, बायकोपोरे आणि चार भांडी घालतो, आणि जेथे कोणी ओळखीचे नाही अशा रानाची वाट धरतो. त्याच्या शिदोरीत भाकरीखेरीज आणखी दोन वस्तू असतात. एक, नव्या मुलखात जमीन ज्या अटींवर मिळावयाची तो करार. आणि दुसरी, जमीन कशी कसावी याची, बापाच्या मागे चालता चालता अंगवळणी पडलेली रीत. करार कागदावर असतो, रीत हातापायांत असते. या दोहोंपैकी अधिक टिकाऊ कोणती, आणि गावाला अडचणीच्या वेळी तारते कोणती, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत आहे. आणि त्याचा माग काढताना आम्हांला आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून थेट अमेरिकेतील हडसन नदीच्या खोऱ्यापर्यंत जावे लागले.

हा प्रवास अर्थात पुस्तकांतूनच घडला. आमचा व्यवसाय इंग्रजी शिकविण्याचा. वॉशिंग्टन अर्व्हिंग याची १८१९ साली प्रसिद्ध झालेली रिप व्हॅन विंकलची गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. तीतील वीस वर्षांच्या झोपेचे विद्यार्थ्यांना मोठे कौतुक वाटते. आमचा तास दुपारच्या जेवणानंतरचा असल्यामुळे काहींना ते अनुकरणीयही वाटते! परंतु झोपेपूर्वीच्या रिपचे शेत कसे होते, तिकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. त्याचे कुंपण नेहमी मोडलेले, गाय भटकून कोबीच्या वाफ्यात शिरलेली, आणि तण तेवढे जोमात. शेतकऱ्याच्या घरातून आलेली आमची मुले हे वर्णन ऐकून हसतात, कारण असा एखादा रिप प्रत्येकाच्या गावात असतोच. ते गाव हॉलंडातून गेलेल्या वसाहतवाल्यांचे होते, असे आम्ही एकदा सांगत असता मारेगावकडच्या एका कोलाम पोडावरून आलेल्या विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, हे लोक तिथं शेती कराले गेले, तं तिथं आधी कोणी शेती करतच नव्हतं काय?" प्रश्न साधा होता, परंतु तो विचारणारा कोण, हे ध्यानात घेतले म्हणजे तो किती खोल होता हे कळते. त्याचे उत्तर पुढे यथाक्रम येईलच. तूर्त त्या वसाहतवाल्यांचीच हकीकत पाहू.

१६०९ साली हेन्री हडसन नावाचा इंग्रज खलाशी डच कंपनीच्या नोकरीत असता आपले जहाज त्या नदीतून आत घेऊन गेला, आणि नदीला त्याचे नाव मिळाले. १६२४ साली सुमारे तीस कुटुंबे तेथे वस्तीस गेली. ती पाठविणारी वेस्ट इंडिया कंपनी व्यापारी होती आणि तिचा जीव खरोखर बीव्हर नावाच्या प्राण्याच्या कातड्यांत अडकलेला होता. परंतु कातडी गोळा करणाऱ्या माणसांनाही भाकरी लागते, म्हणून कंपनीला शेतकरी धाडणे भाग पडले. पुढच्याच वर्षी तिने शंभरावर जनावरे जहाजांत घालून तिकडे रवाना केली. त्या जहाजांची नावे 'घोडा', 'गाय' आणि 'मेंढी' अशी होती. प्रत्येक जनावराला स्वतंत्र ठाण, पायाखाली वाळूचा जाड थर, आणि निगा राखण्यास माणूस. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या त्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: शेताचा आरंभ नांगरापासून होत नाही, कोठ्यापासून होतो. गाय आधी, गहू मागून.

ही रीत त्यांनी नव्या भूमीवर जशीच्या तशी उभी केली. डच शेतकऱ्याचा अमेरिकेतील कोठा म्हणजे एक लहानसे देऊळच म्हणावे. मधोमध बंडी आत घेता येईल एवढे रुंद खळे, त्याच्या दोन्ही बाजूंच्या पडव्यांत गाई आणि घोडे, मधल्या भागाकडे तोंडे करून बांधलेले; आणि वर जाडजूड तुळयांवर रचलेल्या गव्हाच्या पेंढ्या. वरची पेंढी खाली आली की तिची मळणी होई, दाणा घरात जाई, कोंडा-काड गव्हाणीत पडे, आणि गव्हाणीतले खत होऊन पुन्हा शेतात जाई. कोठ्याबाहेर चार खांबांवर वरखाली सरकणारे एक छप्पर असे. गवत जसजसे संपेल तसतसे ते खाली घ्यावयाचे. या बांधणीचे काही कोठे हडसनच्या खोऱ्यात अजून उभे आहेत. ते बांधणारे सारे हॉलंडचे होते असेही नव्हे. पहिल्या कुटुंबांतील बहुतेक फ्रेंच बोलणारी वालून होती. पुढे जर्मन आले, नॉर्वेकडचे आले. परंतु कोठा सर्वांनी डच बांधला, कारण त्या हवेला आणि त्या पिकांना तो मानवला.

आता कराराकडे वळू. माणसे पुरेशी जाईनात, तेव्हा कंपनीने १६२९ साली एक सनद काढली. जो कोणी धनिक चार वर्षांत पंधरा वर्षांवरील पन्नास माणसे नेऊन वसवील, त्याला नदीकाठची कोसच्या कोस जमीन वंशपरंपरेने मिळेल आणि तो तेथला 'पेट्रून' होईल. कुळांचे न्यायनिवाडेही तोच करील. ही योजना बहुतेक ठिकाणी फसली. एकच काय ती भरभराटीस आली. ती किलियन व्हॅन रेन्सलेयर या आम्स्टरडॅमच्या जवाहिऱ्याची, आजच्या ऑल्बनी शहराच्या आसपासची. गंमत अशी की या जमीनदाराने आपली जमीन जन्मात एकदाही पाहिली नाही. हिरे पारखणारा हा गृहस्थ समुद्रापलीकडे बसून पत्रांनी शेती करीत होता!

हे वाचीत असता आम्ही पुस्तक मिटून ठेवले, कारण हा पेट्रून आम्हांला चांगला परिचित होता. आमच्या पुसद, महागावकडे कित्येक गावांच्या नावांपुढे 'इजारा' हा शब्द लागतो. एसटीच्या पाटीवर तो वाचणाऱ्या परक्या माणसाला त्याचा अर्थ लागत नाही, आणि पुष्कळदा गावकऱ्यालाही तो सांगता येत नाही. त्याचा अर्थ असा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला, तेव्हा आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा पुष्कळसा भाग रानाने व्यापलेला होता. सलग सुपीक वऱ्हाडात सरकारने मुंबईकडच्यासारखी रयतवारी आणली आणि प्रत्येक खातेदाराशी सरळ संबंध जोडला. परंतु येथे डोंगरपठारावर, पैनगंगा-अडाणच्या खोऱ्यांत, खातेदार आणावयाचा कोठून? म्हणून १८६५ साली ओसाड जमिनींचे नियम झाले, आणि संबंध गावेच्या गावे तीस वर्षांच्या कराराने इजाऱ्याने देण्यात आली. इजारदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरावी, कुळे आणून वसवावीत, रान तोडून वाही वाढवावी; आणि मुदतीअखेर काही अटींवर गाव आपल्याकडे कायम राखावे. पन्नास माणसांची अट तेवढी नव्हती. बाकी पेट्रून आणि इजारदार हे एकाच साच्यातून निघालेले दोन नग होत.

आमचे पणजोबा अशाच एका इजाऱ्याच्या गावी कूळ म्हणून आले. ते बाळापूरकडचे. भावांच्या वाटण्यांत जमीन पुरेनाशी झाली तेव्हा त्यांनी बंडी जुंपली. इजारदार दूर शहरात राहात असे व दसऱ्याच्या सुमारास एकदा घोड्यावरून येऊन गाव पाहून जात असे, असे आजोबा सांगत. व्हॅन रेन्सलेयरपेक्षा तो एवढा तरी बरा! पणजोबांच्या बंडीत काय काय होते, याची यादी आमच्या आजीला तोंडपाठ होती, जणू ती स्वतः बंडीत बसून आली होती. तिफण आणि तिची सरती, वखराची पास, डवरे, ज्वारीच्या बियाण्याची गाठोडी, तुरीची पिशवी, आणि मागे बांधलेली एक गाय. नांगर नव्हता, तो येथल्या सागाचा करावयाचा होता. ही यादी आम्ही पुष्कळदा ऐकली होती. तिचा अर्थ मात्र डच जहाजांची हकीकत वाचताना उलगडला. 'गाय' नावाचे जहाज आणि पणजोबांच्या बंडीमागची गाय यांत अंतर समुद्राचे होते, विचाराचे नव्हते.

पणजोबांनी बरोबर आणलेली रीत कोणती, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण ती पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. काळ्या जमिनीत एका वर्षी ज्वारी, दुसऱ्या वर्षी कापूस. दोहोंतही काही तासांनंतर तुरीचे एक तास. ज्वारीत मूग, उडीद मिसळलेले. ज्वारीचे कणीस माणसाला, कडबा बैलाला. कापसाचे बोंड बाजाराला, सरकी गाईला, पऱ्हाटी चुलीला. तुरीची डाळ घराला, तिचे कुटार जनावरांना, तुराट्या कुडाला आणि छपराला. शेतातून बाहेर जाई तो केवळ कापूस. बाकी सारे शेत, कोठा आणि घर यांच्यामध्ये फिरत राही. ज्वारी पेवात उतरे आणि एक वर्ष बुडाले तरी दुसऱ्यापर्यंत पुरे. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावून त्याला पुरणपोळी खाऊ घालीत, ती नुसती भाविकता नव्हती. घराचा जमाखर्च ज्याच्या पाठीवर चालतो त्याचा तो वार्षिक सत्कार होता.

ही रीत एकट्या कुणब्याची नव्हती. बंजाऱ्यांचे तांडे शतकानुशतके बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेत. १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी पोहोचली, मागोमाग सडका झाल्या, आणि पाठीवरच्या ओझ्याचा धंदा बसला. ते लोक मग पुसद, दिग्रस, दारव्हाच्या माळांवर स्थिरावले. नायकाने जागा हेरावी आणि त्याच्यामागून तांड्याने वसावे, अशी ती वस्ती होई. १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक यांचे गहुली हे असेच तांड्याचे गाव. त्यांचा जन्म तेथे १९१३ साली झाला. बंजाऱ्यांनी नांगर उशिरा धरला हे खरे. पण जनावरांची पारख त्यांनी बरोबर आणली, आणि बैलबाजारात कुणब्याने त्यांचाच सल्ला घ्यावा, असे आजोबांच्या वेळेपर्यंत चालत आले होते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. हडसनच्या काठी आधी शेती होत नव्हती काय? होत होती. लेनापी, मोहिकन आदी लोक मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावीत. मक्याच्या ताटाला वेल चढे आणि भोपळ्याच्या पानांखाली ओल टिके. नवागतांच्या पहिल्या हिवाळ्यांतील भाकरी बहुतांशी याच मक्याची होती. डच शेतकरी मका शिकला, आपल्या गव्हाशेजारी लावू लागला, आणि ज्यांनी शिकविले त्यांना मात्र शेतावरून हुसकावू लागला. त्यांची उघडी शेते आणि याची मोकळी गुरे यांवरून तंटे लागले. १६४३ साली तर तेथल्या गव्हर्नराच्या हुकुमाने आश्रयाला आलेल्यांची रात्री कत्तल झाली आणि दोन वर्षे युद्ध चालले. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या देखण्या कोठ्यांत राबणारे हात पुष्कळदा गुलामांचे होते. गुलामगिरीविरुद्ध पुढे देशभर व्याख्याने देणारी सोजर्नर ट्रूथ ही बाई याच खोऱ्यातल्या डच शेतावर जन्मली. तिची मातृभाषा डच होती, आणि लहानपणी तिला मेंढ्यांच्या कळपासह शंभर डॉलरांना विकले गेले. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरीचा पूर्ण शेवट १८२७ साली झाला.

आमच्याकडेही रान 'ओसाड' होते ते कागदावर. केळापूर, मारेगाव, वणीकडे गोंडांची आणि कोलामांची वस्ती इंग्रजांच्या आधीची होती. वणीच्या मुलखावर चांद्याच्या गोंड राजांचा अंमल होता. कोलाम कुऱ्हाडीने झाडोरा तोडी, जाळी, राखेत बी टोची, आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा विसाव्याला सोडून पुढे जाई. विसावा घेणारी जमीन मोजणीदाराच्या डोळ्यांना ओसाड दिसली. अर्धे रान जंगलखात्याने राखीव केले, अर्धे वाहीखाली गेले, आणि कोलामाचे पोड या दोहोंच्या धुऱ्यावर येऊन थांबले. तरी रानातली कोणती भाजी कोणत्या महिन्यात खावी, मोह कधी वेचावा, सागाचे कोणते लाकूड नांगराला चालते, हे पणजोबांना त्यांनीच शिकविले. गावकीत महार हे सीमेचे जाणकार. धुऱ्याचा तंटा उपस्थित झाला की त्यांची साक्ष प्रमाण. परंतु ज्याची साक्ष प्रमाण त्याच्या नावावर धुरा क्वचितच असे. तात्पर्य, वसाहतीच्या प्रत्येक हकीकतीला दोन वह्या असतात, एक जमेची आणि एक नावेची. जमेची वही वाचून दाखवावी आणि नावेची बंद ठेवावी, हे प्रामाणिक हिशेबनिसाचे लक्षण नव्हे.

एवढे सांगून झाल्यावर मूळ प्रश्न. करार टिकला की रीत? हॉलंडचे निशाण अमेरिकेत चाळीसच वर्षे टिकले. १६६४ साली इंग्रजांनी गाव घेतले आणि त्याचे न्यूयॉर्क झाले. पेट्रूनचा करार मात्र इंग्रजांनी जपला, कारण जमीनदारी कोणत्याही राज्याला गोड लागते. कुळांनी दरसाल ठराविक गहू द्यावा, चार लठ्ठ कोंबड्या द्याव्यात, एक दिवस गाडीघोड्यासह वेठ करावी, असे पुढे दीडशेवर वर्षे चालले. १८३९ साली एका पेट्रूनच्या मृत्यूनंतर वारसांनी साचलेली थकबाकी मागितली आणि कुळांनी बंड केले. ओळख पटू नये म्हणून ती तेथल्या मूळ रहिवाशांसारखी सोंगे घेऊन सरकारी माणसांना अडवीत. ज्यांची जमीन आजोबांनी घेतली त्यांचाच वेष नातवांनी आपली जमीन वाचविण्यासाठी घ्यावा, यावर अधिक भाष्य ते काय करावे! १८४६ च्या राज्यघटनेने असले करार कायमचे बंद केले. आमच्याकडील इजारा १९५० च्या मध्यप्रदेश सरकारच्या कायद्याने गेला; पुढच्या वर्षी आजोबा कुळाचे मालक झाले. दोन्हीकडचे करार मेले, आणि त्यांबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

रीतीची गोष्ट निराळी. हडसनच्या खोऱ्यातील नगदी पीक म्हणजे गहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर एका माशीची कीड पडली, जमीन थकली, आणि १८२५ साली ईरी कालवा खुला झाल्यावर पश्चिमेकडचा स्वस्त गहू बोटी भरभरून येऊ लागला. आमच्या भाषेत सांगावयाचे तर भाव पडला, कीड पडली आणि परदेशचा माल आला, तिन्ही एकदम. तेथल्या शेतकऱ्याने काय केले? तो कोठ्यात गेला. गाय तेथे दोनशे वर्षे उभीच होती. त्याने गव्हाच्या जागी गवत वाढविले, लोणी आणि चीज केले, आणि १८४० नंतर आगगाडीने न्यूयॉर्कला दूध धाडू लागला. जोडीला सफरचंदाच्या बागा केल्या. पणजोबांनी जहाजातून आणलेली शिदोरी पणतूच्या अडचणीला उपयोगी पडली. आज न्यूयॉर्कमध्ये त्या लोकांची नावे हार्लेम आणि ब्रुकलिन यांसारख्या मोहल्ल्यांत उरली आहेत. 'बावरी' हा रस्ता म्हणजे त्यांच्या भाषेतील शेतवाडी. आणि आमच्या कचेऱ्यांत वरिष्ठाला त्याच्या पाठीमागे 'बॉस' म्हणतात तो शब्दही त्यांचाच. परंतु त्यांचे खरे स्मारक शब्दांत नाही, त्या दुधात आहे.

आमच्याकडे नेमके उलटे घडले. आमचे नगदी पीक कापूस, आणि त्याचे भाग्य अमेरिकेनेच उघडले. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध जुंपले, मॅंचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला अरुंद रुळांची गाडी आली ती मुख्यतः कापूस नेण्यासाठी. लोक तिला लाडाने शकुंतला म्हणत. आता ती बंद आहे. तरी तोपर्यंत कापूस रीतीच्या आत होता. ज्वारीला वळून आणि तुरीला वाट देऊन चालत होता. त्या रीतीने सारे भागत होते असेही आम्ही म्हणणार नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात कडबा संपला, गुरे पटापट मेली आणि पेवेही रिकामी झाली. पण पाऊस आल्यावर पुन्हा उभे राहण्यास काय लागते, ते लोकांना ठाऊक होते.

गेल्या पन्नास वर्षांत ते विस्मरणात गेले. देशी कापसाची जागा अमेरिकन जातीच्या कापसाने आणि त्याच्या संकरित वाणांनी घेतली. २००२ पासून बीटी आले. ज्वारी मागे हटली, सोयाबीन पुढे आले. बियाणे दरसाल दुकानातून, खत दुकानातून, फवारा दुकानातून. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व मुलांसह जीवनयात्रा संपविली; त्यानंतर अशा बातम्यांनी या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, आणि असल्या कीर्तीपेक्षा अप्रसिद्धी शतपटीने बरी. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. भाव पडला, कीड पडली, परदेशचा माल आला. हडसनकाठच्या शेतकऱ्यावर आले तेच संकट. परंतु आमचा शेतकरी कोठ्यात गेला तेव्हा कोठा रिकामा होता.

आमचा धाकटा भाऊ गावी शेती करतो. त्याच्या कोठ्यात हल्ली मोटारसायकल उभी असते. एकदा सुटीत आम्ही त्याला बैलजोडीचे महत्त्व समजावून देऊ लागलो. प्राध्यापकाला समोर बसलेला कोणीही विद्यार्थीच दिसतो. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "दादा, बैल ठेवतो मी. पण त्याले खाऊ काय घालू? जवारी पेरली तं डुकरं ठेवत नाहीत, रोही ठेवत नाहीत. सोयाबीनच्या कुटारावर बैल जगते काय? अन् सालदार कुठचा आणू?" त्याचे प्रत्येक वाक्य खरे होते. रीत ही साखळी असते. तिची एक कडी ओढून काढली की बाकीच्या आपोआप सुटतात, आणि पुन्हा जोडावयाच्या म्हणजे सर्व एकदम जोडाव्या लागतात. एकट्या भावाने ते करावे असे पगारी माणसाने सांगणे सोपे आहे. त्याच वेळी त्याने सहज एक गोष्ट सांगितली. यंदा कापसात तुरीचे तास त्याने पूर्वीसारखे दाट घेतले होते. कापूस बोंडअळीने गेला, घरची डाळ मात्र राहिली. "आजोबा घेत होते ना, म्हणून घेतलं," एवढेच त्याचे स्पष्टीकरण.

आम्हांला वाटते, या एका तुरीच्या तासात आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. पणजोबांची शेती परत आणावी असे आम्ही म्हणत नाही. ती आणता येणार नाही, आणि तिच्यातील वेठ, इजारा आणि धुऱ्यापलीकडचे अन्याय हे सारे परत यावे अशी कोणाची इच्छाही नसावी. परंतु जुन्या रीतीमागे जो एक हिशेब होता, की शेतातून बाजारात जाईल ते एक पीक आणि घरात व कोठ्यात राहील ते बाकीचे, तो हिशेब जुना होत नाही. डच शेतकऱ्याने गहू सोडला, पण हा हिशेब सोडला नाही, म्हणून तो तरला. शेतीखात्याच्या योजना, पीककर्जे, अनुदाने हे आजचे करार होत. ते हवेतच, चांगले असावेत, आणि या वेळी कोलामाच्या पोडापर्यंत व भूमिहीनाच्या दारापर्यंत जावेत, एवढीच त्यांत दुरुस्ती. परंतु कोणताही करार पिढी-दोन पिढ्यांपलीकडे जगत नाही. आमच्या गावाच्या पाटीवर मेलेल्या कराराचे नाव अजून जपून ठेवलेले आहे, आणि बंडीतून आलेल्या रीतीला मात्र गावात नाव उरलेले नाही. पाटी बदलण्याची आम्हांला घाई नाही. तुरीची तासे वाढावीत, आणि त्यांमागून आज ना उद्या एखाद्या कोठ्यात गाय बांधली जावी, एवढे झाले तरी पणजोबांची बंडी इतक्या लांब आली त्याचे सार्थक होईल.